विधवा या शब्दाचा धातू

दहा वर्षं मी कॉलेजात भाषाविज्ञान शिकवताना एकच उदाहरण घेत आले. संस्कृतात विधवा, लॅटिनमध्ये विदुआ, रशियनमध्ये व्दोवा, इंग्रजीत विडो. शब्द एकाखाली एक लिहायचे, आवाज जुळवायचे आणि तळाशी चांदणी काढून मूळ रूप मांडायचं. चांदणी म्हणजे हे रूप कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही, आपण उभं केलंय. धातू 'विध्', अर्थ वेगळं पडणं, पुढे प्रत्यय. "वि म्हणजे विना, धव म्हणजे नवरा, ही फोड चूक आहे," असं मी ठासून सांगायचे. "लोकांनी विधवेचा तुकडा पाडून 'धव' नंतर बनवला." मुलं हसायची. मीही हसायचे.

मग माझा नवरा गेला. जनावरांचा डॉक्टर होता. घोडेगावच्या बाजारातून परतताना गाडीतच छातीत कळ आली.

आठेक महिन्यांनी कॉलेजात कार्यशाळा ठरली. विषय शब्दांची मुळं, आखणी माझी, बोलणार मीच. आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, दीपप्रज्वलन ग्रंथपाल मॅडमच्या हातून घेऊ या. तुम्हाला उगीच अवघडल्यासारखं नको."

"मला कसलं अवघडायचंय, सर?"

"तसं नाही हो. संस्थेची मंडळी येणार, जुन्या वळणाची. माझं स्वतःचं काही नाही."

"बरं," मी म्हणाले. त्या 'बरं'बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ग्रंथपाल रोज माझ्यासोबत डबा खायची. माझ्याकडे न बघता तिनं दिवा लावला. मी माईकपुढे उभी राहिले आणि ऐनवेळी उदाहरण बदललं. पितृ, पातेर, फादर. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली देवळाली प्रवऱ्याची एक मुलगी उठली.

"मॅडम, ते विधवाचं घ्या ना. आमची ताई तुमच्याकडंच शिकली, ती म्हणत हुती लई भारी असतंय."

पुढच्या रांगांमधल्या माना तिच्याकडे वळल्या. मी खडू उचलला आणि चारही शब्द लिहिले. त्यांच्याखाली 'विध्' लिहिला. पहिल्या रांगेतले संस्थेचे एक पदाधिकारी मोठ्यानं म्हणाले, "बाई, एवढं कशाला? वि म्हणजे विना, धव म्हणजे पती. सरळ आहे की!"

"नाही साहेब. धव हा शब्द यातूनच कापून काढलाय."

"असू द्या. अर्थ शेवटी तोच ना?"

ते हसले. मग सगळेच हसले, प्राचार्यही. मी हातावरची पूड झटकली आणि पुढचा शब्द घेतला. नंतर चहाच्या वेळी प्राचार्य म्हणाले, "छान झालं, मॅडम. विषय जरा रुक्ष आहे, पण तुम्ही रंगवला."

पुढच्या वर्षी भाषाविज्ञान मी सोडून दिलं. आता पहिल्या वर्षाला पत्रलेखन आणि सारांशलेखन शिकवते. ती देवळालीची मुलगी एकदा स्टाफरूममध्ये विचारायला आली.

"मॅडम, तुमी का सोडलं?"

"वेळापत्रक जुळत नव्हतं," मी सांगितलं आणि वह्या तपासू लागले. तिला ते पटलं नाही. तशीच निघून गेली.