नऊ वर्षांचा मुतखडा

डाव्या स्तनातली गाठ आंघोळ करताना हाताला लागली. कातडीच्या अगदी खाली, वाटाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी. दुखत नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि दवाखाना गाठला. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. माल कुठून आला याची चिठ्ठी नसलेलं खोकं मी कोणालाही रॅकवर ठेवू देत नाही. त्यामुळे दवाखान्यातला फॉर्म भरायला मला दोन मिनिटं लागली. आधीची ऑपरेशनं या रकान्यात लिहिलं, ‘उजवी किडनी काढली, मुतखड्यामुळे.’ हात जरासुद्धा अडखळला नाही.

मुतखडा नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी माझ्या किडनीत कॅन्सर निघाला होता. मुलगी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्यासाठी स्थळं यायला लागली होती. नवरा म्हणाला, “आईला कॅन्सर म्हटलं की लोक पोरीकडेही संशयानं बघतात. मुतखडा सांगू. मुतखड्याला कोणी नाव ठेवत नाही.” मला पटलं. शेजाऱ्यांना सांगितलं, माहेरी सांगितलं, मुलीलाही तेच सांगितलं. भेटायला येणारे बार्ली आणि कुळथाचं पाणी घेऊन आले. मी ते प्यायले. तीन वर्षांपूर्वी नवरा हार्ट अटॅकनं गेला आणि खरं माहीत असलेली मी एकटीच उरले. दर वर्षी तपासणीला तोच मला स्कूटरवर मागे बसवून न्यायचा. तो गेल्यावर मी जाणं बंद केलं. वेळ नाही, असं स्वतःला सांगितलं. वेळ होता.

सुई घालून गाठीचा तुकडा काढला. कॅन्सर आहे एवढं लगेच कळलं, बाकीच्या तपासण्या यायच्या होत्या. सर्जनबाईंनी गुरुवार धरून ठेवला. स्तन काढायचा. मुलीनं बंगळूरहून तिकीट काढलं, वर्षाच्या बाळाला घेऊन. शेजारीण धीर द्यायला आली. “ताई, काही घाबरू नका. माझ्या मावसबहिणीचे दोन्ही काढले. आता गरबा खेळते.”

“मला आधीपण येत नव्हता,” मी म्हटलं.

सोमवारी दुपारी मी नटबोल्टांची खोकी मोजून घेत होते, तेव्हा सर्जनबाईंचा फोन आला. लगेच या म्हणाल्या. मी गेले तर त्यांनी दारच लावून घेतलं.

“तुमची किडनी नक्की कशासाठी काढली होती?”

“मुतखडा. लिहिलंय मी.”

“तपासणीवाले डॉक्टर म्हणतात, या पेशी स्तनाच्या दिसत नाहीत, किडनीच्या दिसतात. मी त्यांना सांगितलं की यांना कॅन्सर झालेला नाही, मुतखडा होता. ते म्हणाले, पेशंटला परत विचारा.”

टेबलावर पेपरवेट होता, तो उगाच सरळ केला. मग म्हटलं, “कॅन्सर होता.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं. “किडनीचा कॅन्सर असाच असतो,” त्या म्हणाल्या. “वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि मग भलतीकडेच डोकं वर काढतो. स्तनात क्वचितच येतो, पण येतो. मी गुरुवारी तुमचा स्तन काढला असता. पुढे स्तनाच्या कॅन्सरची केमो दिली असती. तुमचे केस गेले असते आणि आजार मजेत राहिला असता.” जुन्या ऑपरेशनचा तुकडा मिळाला तर खात्री करता येईल, असंही त्या म्हणाल्या.

तो तुकडा घरात होता. तेव्हाच्या दवाखान्यानं मेणात घट्ट बसवलेली एक लहानशी चौकोनी वडी आणि रिपोर्ट आमच्या हाती दिला होता. मुलीच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांसमोर कपाट सारखं उघडावं लागणार, म्हणून नवऱ्यानं दोन्ही गोष्टी कपाटातून हलवल्या होत्या. तो फिटर होता. त्याच्या हत्यारांच्या पेटीत, ड्रिलच्या बिटांखाली, फडक्यात गुंडाळलेलं सगळं सापडलं. रिपोर्टला ग्रीसचा वास येत होता. मी पेटीशेजारी फरशीवर बसले. कोणाला हाक मारावी असं घरात कोणी नव्हतं, तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.

जुना आणि नवा तुकडा जुळला. मोठ्या स्कॅनमध्ये फुप्फुसातही दोन ठिपके निघाले. ऑपरेशन रद्द झालं. रोज गोळ्या, तीन आठवड्यांनी एकदा सलाईनमधून औषध.

“मुलीला सांगा,” बाई म्हणाल्या. “उद्या तिला कोणी डॉक्टरनं विचारलं, घरात कोणाला कॅन्सर, तर तीपण मुतखडा लिहील.”

माझं स्वतःचं काय व्हायचं ते होवो. मुलीच्या फॉर्मवर माझं खोटं जायला नको होतं. त्याच संध्याकाळी फोन लावला. आधी कामाचं बोलले. “ऑपरेशन नाही. तिकीट रद्द कर.”

“का? काय झालं?”

मी सगळं सांगितलं. अडीच मिनिटांत झालं. नऊ वर्षं जे जपलं ते एवढंसं होतं.

पलीकडे बाळ रडत होतं. मग तिनं विचारलं, “बाबांना माहीत होतं?”

“हो.”

“तुझ्या ऑपरेशनला मी आले नव्हते, आई. मुतखडाच आहे, परीक्षा बुडवू नकोस, असं तू म्हणालीस. मी होस्टेलवर पिक्चर बघत होते त्या दिवशी.”

तिनं फोन ठेवला. तिकीटही रद्द केलं.

पहिल्या औषधाला मी सिटीबसनं एकटी गेले. शेजारच्या खुर्चीवर नामपूरकडची एक बाई होती. तिनं विचारलं, “ताई, कोणत्या बाजूचं?”

“डाव्या. पण आजार किडनीचा आहे.”

“किडनीचा आन् छातीत? काहीबी सांगता!” ती हसली आणि पलीकडच्या बाईशी बोलायला लागली. त्या दोघींचं चांगलं जमलं. केस कधी गेले, ब्लाऊजच्या आत काय भरतेस, असं चाललं होतं. माझे केस जागेवर होते, छातीही जागेवर होती. त्यांच्यात बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पलीकडच्या रांगेत किडनीच्या कॅन्सरचे पुरुष बसले होते, त्यांच्यातही नव्हतं. मी सलाईनची बाटली बघत बसले.

तीन महिन्यांनी गाठ मुगाएवढी राहिली. मुलीला मेसेज केला. तिनं वाचलेला दिसला, उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं नाही. गोळ्यांनी जिभेला फोड आले होते, म्हणून भात ताकात कालवून उभ्यानंच खायची आणि झोपायची.

त्यानंतर एका रविवारी तिचा फोन आला. “सासूबाईंना सांगितलं मी सगळं.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, यात लपवायचं काय होतं? त्यांच्या आईलाही झाला होता, गर्भाशयाचा. त्यांनी आपल्याला सांगितलं नव्हतं, स्थळ हातचं जाईल म्हणून.”

मला हसू आलं, मग हसू थांबेना. हे ज्याला ऐकवावं असा एकच माणूस होता, नवरा, आणि तोच नव्हता. मुलगी हसली नाही.

“पुढचा स्कॅन कधी आहे?”

मी तारीख सांगितली.

“येते मी.”

“बाळाला घेऊन नको येऊस. तिथं गर्दी असते. आणि तुझी सुट्टी...”

“आई,” ती म्हणाली, “मी कधी यायचं ते आता तू ठरवायचं नाहीस.”

“बरं,” मी म्हटलं.