छोट्या ताजमहालात अडकलेली सई

अजून छाती धडधडतेय, म्हणून तुम्हाला सांगते.

आज आम्ही केडगावहून जगप्रसिद्ध वास्तूंच्या छोट्या प्रतिकृतींचा पार्क पाहायला गेलो होतो. माझी पाच वर्षांची सई ताजमहालाच्या दारातून आत सरपटली आणि अडकली. आत दिव्यांच्या उघड्या वायरी!

मी किंचाळले, तशी ती घाबरून हातपाय झाडू लागली.

सासूबाई जमिनीवर आडव्या झाल्या आणि दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, "बाळा, हात पोटाशी धर. कशालाच शिवू नको. मी हितंच हाय."

सई शांत झाली. नवऱ्यानं पळत जाऊन वीज बंद करायला लावली, मग तिला ओढून काढलं.

गाडीत सासूबाईंना पाण्याची बाटलीही धरवेना, इतके हात कापत होते.

एवढं घाबरूनही आवाज शांत ठेवणं तुम्हाला जमतं का हो?