मामांचा पहिला नको

सासऱ्यांवर छाप पाडण्यासाठी मी त्यांना एकदा दिवसभर उपाशी ठेवलं.

तेव्हा मी सांगलीच्या एका शाळेत नवा मास्तर होतो. लग्नाला चार महिने झाले तरी बायको इस्लामपूरजवळ माहेरीच. सासरे (त्यांना मी मामा म्हणायचो) तिला पाठवायला तयार नव्हते. "शहरात माणसं रेशनवर जगत्यात. माझी पोर वाळून जाईल!" शेवटी ते स्वतःच पाहणीला येणार असं ठरलं. खोलीवर त्यांना न्यायची सोय नव्हती (तिथे एक खाट होती, बाकी हवा). म्हणून मी थेट थिएटरला जोडलेला नवा कॅफे निवडला.

काय त्याचा थाट! संगमरवरी टेबलं, कुंड्यांतले ताड, भिंतभर आरसे. थिएटर एवढंसं, पण आरशांमुळे कॅफेतच जास्त प्रेक्षक असल्यासारखे वाटत.

आदल्या दिवशी मी वेटरला बजावून आलो होतो, "पाहुण्यांना आग्रह करायचा नाही. एकदाच विचारायचं." (इंग्रजी शिष्टाचारावरचं एक जाडजूड पुस्तक मी नुकतंच वाचलं होतं. आग्रह करणं रानटीपणाचं, असं त्यात होतं.)

मामा सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघून आले. कॅफेच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या, आत आले आणि खुर्चीवर मांडी घालून बसले. वेटर वाकला.

"काय आणू साहेब?"

"काय नको! आत्ताच खाऊन निघालोय," मामा म्हणाले.

"बरं साहेब." वेटर गेला!

मामा त्याच्या पाठीकडे बघतच राहिले. त्यांच्याकडे पहिला नको म्हणजे नुसता रामराम. दुसऱ्याला यजमान हात धरतो, तिसऱ्याला शपथ घालतो. मग पाहुणा नाइलाजानं तीन भाकरी खातो. मीही त्याच मातीतला. पण पुस्तक वाचलं होतं ना! मला वाटलं, खरंच भूक नसेल.

"ह्यो परत येतोय न्हवं?" मामांनी हळूच विचारलं.

मी खूण केली. वेटर आला.

"सँडविच, साहेब?"

"न्हाई गड्या, पोट गच्च हाय."

"बरं साहेब." पुन्हा गेला!

सासरा खात नाही तर जावयानं कसं खायचं? सँडविचसाठी जागा ठेवायची म्हणून मी खानावळीचं जेवण बुडवलं होतं. शेजारच्या टेबलावर एक बाई चिमटीत धरून सँडविच खात होत्या. आम्ही दोघं आरशातून त्यांच्याकडे बघत होतो.

"जावईबापू, त्या पावाच्या कडा कुठं गेल्या?"

"कापून टाकतात, मामा. तशीच पद्धत आहे."

"टाकत्यात?" मामांचा आवाज खाली आला. "आन् इथं माणसं बसल्यात की!"

तेवढ्यात खेळाची घंटा झाली आणि आम्ही थिएटरात जाऊन बसलो. पडद्यावर कुणीतरी विरहात रडत होतं. पण त्याच्या वर आमच्या दोघांच्या पोटांचा संवाद ऐकू येत होता. पुढच्या रांगेतला गृहस्थ दोनदा वळून म्हणाला, "शूऽऽ!"

मग अंधारात मामांनी कमरेचा बटवा सोडला. भाजलेल्या शेंगा आणि घरच्या उसाचा गूळ!

"घ्या, जावईबापू."

त्यांचं वाक्य संपायच्या आत गूळ माझ्या तोंडात होता. मामांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि अख्खा बटवाच माझ्या मांडीवर ठेवला. खेळ सुटताच ते तडक परतीच्या मोटारीत जाऊन बसले. संसार संपला, असं समजून मी खोलीवर आलो.

आठच दिवसांत मामा पुन्हा हजर. सोबत बायको, ज्वारीचं पोतं आणि गुळाची ढेप!

"मामा, शहर पसंत पडलं म्हणायचं?" मी छाती काढून विचारलं.

"शेहर ऱ्हाऊ द्या. तुमी पयल्याच बोलाला गूळ घेतलासा, तवाच वळखलं, ह्यो माणूस कवाचा उपाशी हाय! पोरीचं बघू मागनं. आदी तुमास्नी खाऊ घालाया कुणीतरी पायजे."

बायको अजूनही मला वाढताना काही विचारत नाही. नवरा नको म्हणायला शिकलेलाच नाही, असं तिला माहेरून सांगून पाठवलंय!