टीबी सांगितला तेव्हा

खोटं बोलायचंच तर जरा विचार करून बोलावं, पण तेवढं डोकं तेव्हा चालत नव्हतं. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मलाही एचआयव्ही आहे हे कळून सहा महिने झाले होते, आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या होत्या. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. सातपूरच्या एका खोलीत बाटली लपवणार तरी कुठे? मोठी मुलगी आठवीत होती. तिने विचारलं, "मम्मी, या कशाच्या गोळ्या गं?" मी म्हटलं, टीबीच्या.

टीबी मला त्यातल्या त्यात बरा वाटला. गल्लीत दोघातिघांना होऊन गेला होता, कोणी त्यांना वाळीत टाकलं नव्हतं. पण आमची पोरगी पुस्तकातली. दुसऱ्याच दिवशी तिने विज्ञानाचा धडा काढला आणि संध्याकाळपर्यंत माझं ताट, माझा पेला वेगळ्या फळीवर गेला. पाच वर्षांच्या धाकटीला तिने बजावलं, मम्मीच्या मांडीवर बसायचं नाही, तिच्या ताटात जेवायचं नाही. एरवी कोणाचं न ऐकणारी धाकटी, तिचं मात्र ऐकायची.

मी दिवसभर एका वर्कशॉपमध्ये रबरी वायसरच्या कडा कात्रीने साफ करायचे. बोटं सुजायची. घरी आल्यावर कोणीतरी अंगाला बिलगावं एवढंच वाटायचं, आणि धाकटी दोन हात लांब उभी राहून विचारायची, "आज बरी झाली का तू?" मला भयंकर राग यायचा. काढणार कोणावर? मोठी तर काहीच चुकीचं करत नव्हती. माझी भांडी सगळ्यात शेवटी, गरम पाण्याने घासायची, कुरकुर न करता. एवढी शहाणी पोर कोणाला नको असते? मला नकोशी झाली होती, खरं सांगते.

असे दोन महिने काढले. मग एका रविवारी दुपारी धाकटीला ताप आला. ती रडत रडत माझ्याकडे यायला निघाली, तर मोठीने तिला दंडाला धरून मागे ओढलं. माझ्याच्याने आता रेटवेना.

"सोड तिला," मी म्हटलं. "मला टीबी नाही. पप्पांना होतं ते आहे."

पप्पांना काय होतं ते तिला आम्ही कधी सांगितलं नव्हतं. पण दहाव्याला बायका कुजबुजल्या होत्या, आणि पोरीला कान होते. तिने दंड सोडला. जवळ बसल्याने, एका ताटात जेवल्याने ते होत नाही, हे दवाखान्यातल्या बाईंनी मला चारदा समजावलं होतं. मी तिला ते एका दमात सांगून टाकलं.

"आणि आम्हाला?"

"तुमचं दोघींचं रक्त तपासून घेतलंय. काही नाही."

"ते काविळीसाठी होतं ना?"

"नाही."

धाकटी माझ्या मांडीवर येऊन पडली होती. अंग चांगलंच तापलं होतं तिचं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच लाज वाटली.

"टीबी सहा महिन्यांत बरा होतो, मम्मी," मोठी म्हणाली. "मी कॅलेंडरवर रोज खूण करत होते. चारच महिने राहिले होते."

मी धाकटीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"याला किती महिने लागतात?"

"हे बरं होत नाही बाई. गोळ्या जन्मभर घ्यायच्या."

तशी ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. बाप गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण धाकटी मांडीवर झोपून गेली होती. मला उठता आलं नाही.