हेल्मीबाईचं गाव

मोहाची फुलं झाडावरून पडताना कुणी ऐकत नाही. सकाळी उठून बघावं तर खाली पसारा! आमच्या दवाखान्याच्या ओट्यावरचे किस्से असेच जमले. सांगणारे येऊन गेले, ऐकणारे पांगले, आणि आता वेचायला मी एकटा उरलोय. बसा, जमतील तेवढे वेचून देतो.

मी कोरीट गावचा. तरुणपणी शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना चालवायची हेल्मीबाई. फिनलंड नावाच्या देशात, पार उगवतीच्या टोकाला, रशियाच्या हद्दीला लागून असलेल्या जंगलातली ही नर्स. मराठी तिनं पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे रोग्यांशी ती कीर्तनकारासारखं शुद्ध बोलायची. मागे म्हातारी आई, एकटी, त्या जंगलातल्या घरात. पुढच्या वर्षी बाईला लांबची रजा मिळणार होती आणि ती आईकडे जाणार होती. हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं, इतक्या वेळा ती ते सांगायची.

संध्याकाळी ओट्यावर दोघे हटकून यायचे. एक नथूभाऊ, तापीकाठचा कापसाचा मोठा शेतकरी. त्याला कुठलाच आजार नव्हता, पण औषधाची बाटली घेतल्याशिवाय तो घरी जायचा नाही. दुसरा वेस्तादादा, वर डोंगरातल्या पाड्याचा म्हातारा कारभारी. तो खाली उतरला की ओट्याच्या कडेला उकिडवा बसायचा आणि ऐकायचा.

*

एकदा बाई आपल्या मुलखाचं वर्णन करत होती. जंगल, मग तळं, मग पुन्हा जंगल. मध्ये एखादं घर. शेजारच्या घरचा धूर दिसला तर माणसं म्हणतात, गर्दी झाली.

नथूभाऊ अस्वस्थ झाला. त्याच्या गावात घराला घर चिकटलेलं, एकाच्या भिंतीत दुसऱ्याची खुंटी. त्यानं बराच विचार केला आणि काळजीनं विचारलं, "बाई, मंग तुम्ही भांडतस कोनासंगे?"

बाईनंही तितकाच विचार केला. "त्यासाठी आम्ही चालत जातो," ती म्हणाली.

वेस्तादादाला यात नवल वाटलं नाही. त्याच्या पाड्यावरही प्रत्येक घर आपापल्या टेकडीवर. त्यानं फक्त इतकंच विचारलं की मधल्या जंगलात कोण राहतं. अस्वल, बाई म्हणाली. तो समाधानानं मान हलवत राहिला, आपल्या सोयऱ्यांची खुशाली कळावी तसा.

*

त्या अस्वलावरून आठवलं. बाई म्हणाली होती, जंगलात असताना आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत, 'मधाच्या पंजाचा' म्हणतात. वेस्तादादा म्हणाला, आमच्यात वाघाचं घेत नाहीत. मी शिकलेला माणूस, मी दोघांना हसलो.

पुढे एकदा तिघं मिळून एका बाळंतिणीला बघायला घाट चढत होतो. दुपारची वेळ, पानगळ झालेली, आणि उन्हात कांडोळाच्या झाडांची पांढरी खोडं उभी. बाई एका खोडाशी थांबली, त्याला तळहात लावून बराच वेळ तशीच राहिली. आमच्याकडे सगळं जंगल या रंगाचं असतं, म्हणाली. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, म्हणून मी विचारलं, "दादा, इथं वा..."

दोन्हीकडून दोन हात आले आणि माझं तोंड बंद झालं. एक हात गोरा, एक काळा. पाडा येईपर्यंत मला दोघांनी मधोमध चालवलं.

*

तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायला तयारच नसतो, हे ऐकून नथूभाऊ सरसावून बसला. शेती करणारा माणूस!

"मंग मजूर घर कवय जातस?"

बाई म्हणाली, दमले की जातात. नथूभाऊचे डोळे मिटले. आपल्या कापसाच्या शेतावर कधीच न मावळणारा दिवस त्याला दिसत असावा, चेहरा असा निवांत झाला होता. मग बाईनं सांगितलं की हिवाळ्यात उलट होतं. दिवस जेमतेम डोकावतो आणि जातो, जमीन बर्फाखाली झोपते.

"आनि तवय मजूर काय करतस?"

"चुलीजवळ बसून गोष्टी सांगतात."

नथूभाऊनं डोळे उघडले. आपली जमीन आहे तिथंच बरी, असं म्हणून त्यानं बाटली उचलली.

मी मात्र त्या रात्री खाटेवर पडून तो अंधार बघत होतो. मला कधी बर्फ दिसलं नाही, पण ती झोपलेली जमीन आजही मला माझ्या शेतासारखी ओळखीची वाटते. अशी कितीतरी गावं मी त्या ओट्यावर बसून फिरून आलोय.

*

आता हा किस्सा मी सांगायचा नाही, पण बाई स्वतःच सांगायची. घरच्या आठवणीनं एका वर्षी तिनं दवाखान्यामागे कुडाची एक छोटी खोली बांधून घेतली. आत दगड रचले, त्याखाली जाळ केला. तिच्या मुलखात असल्या खोलीत बसून घाम काढतात म्हणे, अंग आणि मन दोन्ही हलकं होतं. तिथं ते थंडीत करतात. बाईनं मुहूर्त काढला वैशाखातला.

कुडातून धूर निघताना लोकांनी पाहिला. बाई आत आहे हेही कळलं. मग काय, हंडे, घागरी, कळशा, जे हाताला लागलं ते घेऊन गाव धावलं आणि भिंतीवरून, छपरावरून पाणी ओतायला लागलं. पाणी गेलं थेट तापलेल्या दगडांवर. वाफेचा लोट उठला आणि आतून बाईचा आवाज आला, अगदी सुखाचा, "आणखी थोडे टाकावे!"

सगळं निवल्यावर नथूभाऊनं तिची समजूत घातली. "बाई, उन्हायामा आठे आखं गावच ती खोली शे. दुसरी बांधानी काय गरज व्हती?"

*

मग तिकडे लढाई सुरू झाली. बोटी बंद झाल्या, रजा लांबली. आणि एका दुपारी नंदुरबारहून मिशनचे वडीलधारे साहेब टांग्यानं आले आणि बाईला आत नेऊन सांगून गेले. सरहद्द सरकली होती. बाईचं गाव आता दुसऱ्या देशात गेलं होतं. माणसं थंडीत घरं सोडून चालत निघाली होती. आईचा पत्ता नव्हता.

साहेब गेल्यावर बाई बाहेर आली आणि तिनं पुढच्या रोग्याला बोलावलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, कामच करत राहिली. त्यातच पाड्यावरचा एक माणूस पाय कापला म्हणून आला होता. जखमेवर मी तात्पुरती चिंधी बांधली होती, बाईनं तिच्यावर नजरही टाकली नाही. तिनं त्याचा धडधाकट पाय पुढे घेतला, धुतला आणि त्याला सुरेख पट्टी बांधली.

 मी बोलायला गेलो तर त्यानं मला डोळ्यानं थांबवलं. उठला, हात जोडले, आणि बाईला दिसेनासा होईपर्यंत त्या पट्टीच्या पायानं लंगडत गेला. वळणावर मी त्याला गाठून खरा पाय बांधला. आज बाईंना काही सांगू नका, एवढंच तो म्हणाला.

*

शेवटचा सांगतो आणि उठतो.

कापूस वेचून झाल्यावर वेस्तादादाचा निरोप आला. पाड्यावर लाहा आहे, बाईला घेऊन ये. लाहा म्हणजे डोंगरातली रीत. कुणाचं घर उभं करायचं असलं की सगळा पाडा हात लावतो. मजुरी नाही. घरवाल्यानं जेवू घालायचं, झालं. आम्ही पोचलो तेव्हा एका मोकळ्या टेकडीवर सागाचे खांब उभे राहिलेसुद्धा होते.

बाईनं बाह्या सरकवल्या. कितीतरी दिवसांनी मी तिला अशी पाहिली. ती बायकांबरोबर कुडाला माती लिंपत होती, बांबू धरत होती, पोरांवर ओरडत होती. घर कुणाचं, असं तिनं दोन-तीनदा विचारलं. तिला कुणी नीट उत्तर दिलं नाही. उन्हं कलली तेव्हा छप्पर चढलं होतं आणि बाईचे केस मातीनं माखले होते.

मग पुजारा आला. नव्या घरात चूल पेटवण्याआधी तो त्या घरातल्या वाडवडिलांना हाक मारतो, नावानं आणि वाटेनं. कुठल्या गावाहून निघायचं, कुठली नदी ओलांडायची, कुठला डोंगर चढायचा, सगळं गाण्यातून सांगून बोलावतो. एरवी तो गायला बसला की बाई आपलं सामान आवरून खाली निघायची. तिचा धर्म वेगळा होता. त्या दिवशीही ती उठलीच होती. पुजाऱ्यानं विचारलं, कुणाच्या घरची माणसं बोलवायची? आणि वेस्तादादानं बाईकडे बोट केलं.

बाई उभीच राहिली. म्हणाली, मला तर परत जायचं आहे.

"जा की," वेस्तादादा म्हणाला. "तोवर तुझी आई कुठं उतरेल?"

बाई खाली बसली. पुजाऱ्यानं तिला चुलीपाशी घेतलं आणि आईचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, जिवंत की गेलेली? बाईला ते सांगता येईना. पुजारा म्हणाला, असू दे, वाट तीच आहे.

बाई हळू आवाजात वाट सांगत गेली आणि पुजारा ती आपल्या चालीत गात गेला. शहाद्यापलीकडे न गेलेला माणूस! तळं गायला, जंगल गायला, पुन्हा तळं. बर्फ गायला. आगगाडी, समुद्र, मुंबई. नंदुरबारला उतरवलं, प्रकाशा गावाशी तापी ओलांडली, शहादा मागे टाकलं, घाटाच्या पायथ्याला आला. आणि थांबला.

त्यानं बाईकडे पाहिलं. "म्हातारीला घाट चढवेल का?"

"चढेल," बाई म्हणाली. "पण हळू."

"मग घाई नाही."

त्यानं हात गुडघ्यावर ठेवले.  बाहेर पोरं गप्प झाली, जेवणाच्या हंड्याखालचा जाळ बायकांनी मागे ओढला. सगळा पाडा तसाच बसून राहिला, मीही बसलो. टेकडीवरचं ऊन पिवळं झालं, मग गेलं.

बराच वेळ झाल्यावर, कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी हेल्मीबाई चुलीपाशी थोडी सरकली. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.