चढावरच्या गल्लीत पाणी येईपर्यंत: नांदेड ते लातूर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लातूरहून वहिनींचा फोन आला. "भावजी, चार बाऱ्या झाल्या, नळाला थेंब न्हाई. तेरवा पुन्हा बारी हाय. तवाबी न्हाई आलं तर मी कुलूप लावून पोराकडं पुण्याला जाते. घराचं काय करायचं ते तुम्ही बघा." लातूरला नळाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी सुटतं, तीच बारी. वहिनी कमी बोलतात. एवढं बोलल्या म्हणजे ठरवलेलंच होतं. मी तीन दिवसांची रजा टाकली.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, फेब्रुवारीच्या शेवटी झोपेतच गेला. लातूरला तो पालिकेत नळाचं पाणी सोडायचं काम करायचा. जिल्हा नवीन झाला तेव्हा रोजंदारीवर लागला, पुढे कायम झाला. निवृत्तीला थोडाच अवकाश होता.

मी नांदेडला सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर असतो. हा ब्लॉग मुलीने काढून दिला आहे. त्यावर आतापर्यंत माहूर आणि दोन-तीन किल्ले एवढंच लिहिलं. लातूर काही फिरायला जायचं गाव नाही, पण दहावीचे पेपर संपले की आपल्याकडचे किती तरी आईबाप मुलांना क्लासला सोडायला तिकडेच जातात. त्यांना यातलं काही उपयोगी पडेल.

नांदेडहून सकाळी सातची एसटी धरावी. लोहा, अहमदपूर, चाकूर करत चार तास लागतात. दहानंतर निघालात तर खिडकीतून येणारा वारा भाजून काढतो. रेल्वे परळीवरून फिरून जाते, ती घाई नसेल तरच. लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, आणि कडेला टाकलेले प्लास्टिकचे पाइप दिसतात. दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे आणावी लागली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि गेल्या पावसाळ्यातही पावसाने पुन्हा तसंच केलं होतं. अहमदपूरला गाडी पंधरा मिनिटं थांबते. भजी गरम असतील तरच घ्यावीत.

माझ्या पुढच्या बाकावर हिमायतनगरकडचं एक जोडपं होतं. मुलगी खिडकीशी, पायाशी पत्र्याची पेटी.

"होस्टेलवाला म्हनला चोवीस तास पाणी हाय," वडील कंडक्टरला सांगत होते.

"हाय की," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला. "खालून टँकरची शिट्टी वाजली की बादली घेऊन पळायचं. चोवीस तासात कवाबी वाजते."

मुलगी हसली. आई हसली नाही.

लातूर आलं की आधी डाळमिलांचा वास येतो. मग चौकाचौकात परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचे फलक. मग होस्टेलं. गच्चीकडे बघा. एकेका गच्चीवर काळ्या टाक्या ओळीने मांडलेल्या दिसतील. दादा लागला तेव्हा हे तालुक्याएवढंच गाव होतं आणि गल्लीतल्या पाइपलाइनी तेवढ्याच लोकांच्या हिशोबाने घातलेल्या होत्या. त्यानंतर कचेऱ्या आल्या, क्लास आले, एका घराच्या जागी चाळीस मुलांचं होस्टेल झालं. जुन्या भागात पाइप बराचसा तोच राहिला. होस्टेल बघताना पाणी आहे का असं विचारू नका, आहेच म्हणतील. कुठून येतं आणि टाकी कितव्या दिवशी संपते, ते विचारा.

दादाचं घर चढावरच्या गल्लीत आहे. स्टँडपासून ऑटोने साठ रुपये. गल्लीत वीस-बावीस घरं, बहुतेक आपलीच माणसं, कोणी गवंडी, कोणी शिक्षक, दोघे पोस्टात. दारात रिकामे ड्रम उपडे घातलेले होते. शेजारच्या कमलमावशी ओट्यावरून म्हणाल्या, "जय भीम, या. पाणी मागू नका म्हंजे झालं." आणि आत जाऊन तांब्याभर घेऊन आल्या.

वहिनींनी जेवायला वाढलं, आणि मग सांगितलं. खालच्या चौकातली माणसं म्हणत होती, दादा होता तोवर आमचं पाणी ओढून स्वतःच्या गल्लीला न्यायचा, तो गेला आणि वरचं पाणी बंद झालं तेव्हा कळलं. किराणा आणायला गेल्या तेव्हा कुणी तरी तोंडावर बोललं होतं.

"पाण्याचं सोडा," त्या म्हणाल्या. "हे मला ऐकून घ्यायचं न्हाई, म्हणून जाते मी."

संध्याकाळी बालाजी आला. दादाच्या जागी आलेला हा कंत्राटावरचा माणूस, चाळिशीचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेला. दादाची चावी त्याच्याकडे होती. चावी म्हणजे छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा. तो खड्ड्यात घालून व्हॉल्व्ह फिरवतात.

"मी काई बी चोरी करीत न्हाई, काका," तो आधीच म्हणाला. "माझ्या कागदावर पाऊण तास लिव्हलाय. पाऊण तास सोडतो, मंग बंद करून फुडच्या भागाला जातो. वर चढतच न्हाई त्याला मी काय करू? हापिसात इचारलं. जुना नकाशा हाय, त्याच्यात ही गल्लीच न्हाई." मग दांड्याकडे बघून म्हणाला, "दादांनी चावी ठिवली, पर डोस्कं संगं घेऊन गेले."

वहिनी आत निघून गेल्या. बालाजीच्या लक्षात आलं. चहा न पिताच गेला.

त्या दिवशी खाटेवर पडून मी फोनमधली आलेल्या फोनची जुनी यादी काढली. दादा दर बारीला, संध्याकाळी साडेसहाला, मला फोन करायचा. व्हॉल्व्ह उघडला की त्याला थांबण्याशिवाय काम नसायचं. काय जेवलास, पोरगी काय म्हणते, तिकडं ढग आहेत का. मग बराच वेळ दोघेही गप्प. माझी बायको म्हणायची, गप्पच बसायचं तर समोरासमोर तरी बसा. शेवटी तो म्हणायचा, "आलं. ठेव." आणि फोन बंद व्हायचा. यादीत प्रत्येक फोनपुढे वेळ होती. अडुसष्ट मिनिटं, एकाहत्तर, सहासष्ट, सत्तर. पाऊण तासाचा एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी बालाजीला संध्याकाळशिवाय सवड नव्हती. सकाळी करण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी औशाला जाऊन आलो. सोलापूर रस्त्यावर अर्ध्या-पाऊण तासावर आहे, गाड्या सतत असतात. किल्ला सपाटीवरच आहे, त्यामुळे वय झालेल्यांनाही बघता येतो, आणि आतल्या जुन्या विहिरी बघण्यासारख्या आहेत. पायऱ्यांवर बसून खाली बघितलं. दादा दर खेपेला म्हणायचा, तुला औशाचा किल्ला दाखवतो. पायऱ्या मोजायचा विचार आला, पण मोजल्या नाहीत.

परत येताना खालच्या चौकात ऑटोतून उतरलो आणि तिथेच उभा राहिलो. समोर पिठाची गिरणी चालू होती. पट्ट्याचा फट-फट, फट-फट आवाज. चौथ्या ठोक्याला थोडा अडखळायचा. हा आवाज मी किती तरी वेळा ऐकला होता. फोन सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने पावलं वाजायची, मग ही गिरणी यायची, मग दादा "थांब जरा" म्हणायचा. फोन खिशात जायचा. लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज, आणि मग तो पुटपुटत मोजायचा. एक, दोन, तीन. नेहमी नऊ.

गिरणीवाले हमीदचाचा पिठाने पांढरे झालेले होते. मी दादाचं नाव सांगितलं.

"तुम्ही नांदेडवाले? फोनवाले?" ते म्हणाले. "बसा. याच स्टुलावर बसायचे ते. मी विचारायचो, भाई, समोरून कुनी बोलतंय का नुसताच कानाला लावलाय?"

"झाकण कुठं होतं?" मी विचारलं.

ते दाराबाहेर आले आणि चपलेने जमीन दाखवली. सगळीकडे सिमेंटचे नवे लाल-पिवळे ठोकळे, गट्टू, बसवलेले होते. "मार्चएंडला बसवले. मी म्हनलो, अरे, खाली ढक्कन हाय. ठेकेदाराचा मानूस बोलला, चाचा, बिलात ढक्कन नाही, गट्टू हाय."

बालाजी संध्याकाळी पहार घेऊन आला. हमीदचाचांनी स्टूल जुन्या जागी ठेवलं आणि त्याच्यासमोरचे गट्टू काढले. सातव्या गट्टूखाली झाकण लागलं. बालाजी गुडघ्यावर बसून आत बराच वेळ बघत राहिला.

"खालच्या घरांचा व्हॉल्व्ह हाय हा," तो म्हणाला. "ह्यांच्या टाक्या भरल्या की हा फिरवून बंद करायचा, मंग वर चढंल. कुनी सांगितलंच न्हाई मला."

तिसऱ्या दिवशी साडेसहाला त्याने मुख्य व्हॉल्व्ह उघडला. सातला आम्ही गिरणीसमोर होतो. चार-पाच माणसं जमली. एकजण कठड्याला टेकून म्हणाला, "वाटणी करायला नांदेडहून मानूस आणलाय का? भाऊ गेला तर दुसरा आला पाणी पळवायला."

मला लोकांसमोर बोलायची सवय नाही. मी म्हणालो, "तुमची टाकी बघून या. भरली नसेल तर हात लावणार नाही."

तो जागचा हलला नाही. हमीदचाचा म्हणाले, "अरे, त्याची टाकी वाहून मेरे ओटे तक आलंय पानी. वर जाऊ दे आता. बावीस वर्षं इथं बसून राहिला तो मानूस, माझ्याकडं कधी एक गिलास जास्त मागितला नाही."

दुसरा कुणी तरी त्याला म्हणाला, "चल बे, मोटार बंद कर आधी घरची." माणसं पांगली.

बालाजीने चावी घातली. मी मोजलं. नऊ. मग मी स्टुलावर बसलो आणि वहिनींना फोन लावला. त्या नळापाशी होत्या.

"काय?" त्या म्हणाल्या.

"काही न्हाई. थांबा."

आम्ही थांबलो. पाऊण तास उलटून गेला तेव्हा बालाजीने मनगटावरचं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घड्याळ बाहीखाली झाकलं. फोनवर गल्लीतली भांडी वाजत होती. कमलमावशी कुणाला तरी ओरडत होत्या, ड्रम सरळ कर. मग नळातून हवा फुसफुसायला लागली. बराच वेळ नुसती हवाच.

"आलं," वहिनी म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "ठेवा."

वर गेलो तेव्हा त्या ड्रम भरत होत्या. माझ्याकडे पाठ होती. म्हणाल्या, "पुण्याला दिवाळीला जाईन. ऱ्हायला न्हाई." ज्याने किराण्याच्या दुकानात ऐकवलं होतं त्याच्याशी त्या अजूनही बोलत नाहीत, असं नंतर कळलं. सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. बालाजीला वरच्या गल्लीसाठी थांबायला हवं म्हणजे पुढच्या भागाला उशीर होणार, आणि तिथेही कुणी तरी ड्रम मांडून बसलेलं असणार. धरणात पाणी नसेल तर नऊ फेऱ्यांनी ते तयार होत नाही. पण जेवढं आहे तेवढं कुठून कुठे जातं, हे एका शहरात एकाच माणसाला माहीत असावं आणि तो झोपेत जावा, हे काही दुष्काळामुळे झालेलं नव्हतं.

रजा आणखी एक दिवस वाढवली, आणि सकाळी मी दवाखान्यातल्या सवयीने सगळं एका कागदावर सुवाच्य लिहिलं. कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता, किती फेरे, किती वेळ. एक प्रत बालाजीला, एक पालिकेच्या ऑफिसला दिली, तिथे पोच घेतली. रात्रीच्या जेवणाला स्टँडजवळ गाड्यावरचा निलंगा राईस खाल्ला. तिखट असतो, सोबत भजी घ्यावी. शेवटच्या गाडीने परत आलो.

घरी आल्यावर दवाखाना सुरू झाला. फोनमधली ती यादी पुसली जाऊ नये म्हणून मुलीने तिचे फोटो काढून ठेवले आहेत. मी ते पुन्हा बघितले नाहीत.

पुढच्या बारीला, संध्याकाळी सात वाजता, बालाजीचा फोन आला.

"काय झालं?" मी विचारलं. "कागद हरवला का?"

"न्हाई काका, खिशात हाय. नऊ फेरेबी झाले. आता थांबायचंच हाय तर म्हनलं, लावावं." मग म्हणाला, "तिकडं ढग हायत का?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. "न्हाईत," मी म्हणालो.

फोन तसाच कानाला ठेवला. मागे गिरणी चालू होती.