ऐनाच्या फळ्यांची खोली

निकोलसचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उत्तनजवळच्या चौक गावात, त्याच्या घरामागच्या अंगणात बल्ब लागायचा आणि रंधा चालू व्हायचा. कामाला जायची बस यायच्या आत एक फळी तासून झाली पाहिजे, हा त्याचा नेम होता. तासली म्हणजे नीट तासली. वरून हात फिरवला तर कुसळ लागता कामा नये. लागलं, तर तीच फळी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"अख्ख्या गावाची झोप मोड," त्याची बायको पर्ल आतून ओरडायची. "तुझ्यापेक्षा कोंबडा परवडला. त्याला कापून खाता तरी येतं."

निकोलस होड्या बांधणारा सुतार. बापाच्या हाताखाली शिकला. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या तसं त्याचं काम आटलं, आणि पोटासाठी तो हाटकेश भागातल्या एका फर्निचरच्या गाळ्यात लागला. दिवसभर भुसा दाबून केलेल्या पाट्यांची कपाटं जोडायची. कामात त्याने कसूर केली नाही, पण त्या पाट्यांना लाकूड म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही.

पगार झाला की तो किनाऱ्यावर जायचा. तिथे जुन्या होड्या मोडायला काढलेल्या असायच्या. लाकूड जळणाच्या भावात मिळायचं. फळ्या ऐनाच्या, खांबाजोगं लाकूड सागाचं. वर्षानुवर्षं खारं पाणी प्यालेल्या त्या लाकडाला वाळवी सहसा शिवत नाही. तो एका वेळी दोन फळ्या खांद्यावरून आणायचा, खिळे उपसायचा आणि सावलीत वाळवायचा.

हे सगळं केलीसाठी. केली त्याची एकुलती लेक, लग्न होऊन भाईंदर पश्चिमेला गेलेली. एक खोली आणि एक स्वयंपाकघर. त्यात ती, नवरा ॲलन, दोन मुलं आणि ॲलनची आई. इकडे चौकात अंगण होतं, विहीर होती, दारात बस होती. लेकीला राहायला खोली तेवढी नव्हती.

"सिमेंटची का नाही बांधत, डॅडी?" ॲलनने विचारलं होतं.

"सिमेंट एकदा बसलं की बसलं. पोरं वाढणार, तर खोली पण वाढायला पाहिजे."

म्हणून त्याने खिळा वापरलाच नाही. दगडी जोत्यावर सागाचे खांब, खांबांच्या खाचांत फळ्या, वर खुंट्या आणि बोल्ट. कधीही उतरवावी, कधीही चढवावी. पूर्वेच्या दोन खांबांना त्याने बाहेरच्या अंगानेही खाचा पाडून ठेवल्या. पुढेमागे दुसरी खोली जोडायची झाली तर फळ्या नुसत्या सरकवायच्या. त्या रिकाम्या खाचांकडे बघत तो चहा प्यायचा. पुष्कळदा चहा गार व्हायचा.

खोली उभी राहिली आणि जुलैत, भर पावसात, केली सगळ्यांना घेऊन राहायला आली. "राहून तर बघू," म्हणाली. दोन दिवस घर भरून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून हाक आली.

"डॅडी, दार न्हाय उघडत!"

निकोलसने बाहेरून खांदा लावला. ॲलनने आतून लाथ घातली. दार ढिम्म. शेवटी जावई डब्याची पिशवी गळ्यात अडकवून खिडकीतून उतरला आणि बसमागे धावत सुटला. काशीनाथ समोरून चालला होता. त्याची होडी निकोलसनेच बांधलेली, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क होता.

"निकोलस, घर न्हाय, होडी बांधलीस तू! सोड पाण्यात. थेंब आत शिरायचा न्हाय."

पर्ल हसून हसून खाली बसली. निकोलस हसला नाही, कारण काशीनाथ खरं बोलला होता. होडीच्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवतात, सांध्यात तेलातला कापूस ठोकतात. पाणी लागलं की फळी फुगते आणि होडी पक्की बंद होते. त्याच्या हाताला तीच सवय. घराच्या फळीला फुगायला जागा लागते, ती त्याने ठेवलीच नव्हती.

त्याने सगळी खोली उतरवली. एकेका फळीची कड पुन्हा तासली. सप्टेंबरात खोली परत उभी राहिली आणि दार एका बोटाने फिरायला लागलं. "नाताळाला सामान घेऊन येतो," केली म्हणाली. पर्लने पडदे शिवले. त्याच महिन्यात निकोलस गाळ्यातून निवृत्त झाला. शेवटचा पगार त्याने बाजूला ठेवला, पूर्वेच्या रिकाम्या खाचांसाठी.

नोव्हेंबरात ॲलनची आई न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. केली एकटीच चौकाला आली आणि अंगणातच बसली.

"डॅडी, सारखा दवाखाना हाय. इथून न्यायची म्हणजे तिचे हाल. जमणार न्हाय."

"बरी झाली की मग?"

"ती परत चालेल, असं डॉक्टर म्हणत न्हाय."

जाता जाता तिने नव्या खोलीच्या दाराला बोट लावलं. ते अलगद उघडलं. तिने पुन्हा ओढून घेतलं.

"झोपते कुठे आता सासू?" निकोलसने विचारलं.

"खाली, मधोमध. आम्ही ओलांडून जातो तिला."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बल्ब लागला, पण रंधा वाजला नाही. पर्ल बाहेर आली. निकोलस खुंट्या उपसत होता.

"केली येत न्हाय, तर तू खोली पाठवतोस?"

"ओलांडून जातात तिला," तो म्हणाला.

पर्लने फळीचं दुसरं टोक धरलं. "हळू. तुझी कंबर मोडली तर तुला कोण ओलांडील?"

भाईंदरला केलीच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये फळ्या मावेनात. सासऱ्या-जावयाने त्या जिन्यावरून चढवल्या. फळ्यांतून म्हातारीसाठी खाट झाली आणि खाटेभोवती घडीची भिंत. दिवसा मिटायची, रात्री ओढायची. वर मुलांसाठी माळा झाला. माळ्याची एक फळी हातभर जास्त लांब होती. ॲलनने करवत पुढे केली.

"कापायची न्हाय," निकोलस म्हणाला.

"अहो डॅडी, कपाटाला अडते ती."

"कपाट सरकव. कापली तर परत चौकात खांबात बसायची न्हाय."

केली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे झाली आणि तिने कपाट सरकवायला हात लावला.

"व्याही," म्हातारी भिंतीआडून बोलली, "मासळीचा वास येतो हो याला."

"येणारच. होडी हाय ती."

चौकात पूर्वेचे दोन खांब तेवढे जोत्यावर उभे राहिले. भाईंदरला त्यांची गरज नव्हती. त्यांच्या खाचांसाठी राखलेल्या शेवटच्या पगारातून टेंपोचं भाडं गेलं.